टिश्यूतला प्रसाद
आमच्या ह्यांना शहाणपणाचं अजीर्ण झालंय हे मला लग्नानंतर महिन्याभरातच कळलं होतं. पण त्याचा पुरता प्रत्यय आला तो जपानात, भूकंपानंतरच्या पहिल्या सुगीत.

त्सुकुबाजवळ आमच्या घरमालकीणबाईंची भातशेती होती. अणुभट्टीतून किरणोत्सर्ग झाल्याच्या बातम्या आल्या आणि बाईंची वर्षानुवर्षांची गिऱ्हाइकं पळाली. नवा तांदूळ तपासला गेला तो ह्यांच्याच प्रयोगशाळेत. ह्यांनीच बाईंना तोंडभरून सांगितलं, "काहीही सापडलं नाही, खुशाल खा." बाईंनी वाकून वाकून आभार मानले आणि आम्हाला गावच्या जुन्या शिंतो देवळात बोलावलं. नवा तांदूळ आधी शेतीच्या देवाला, मग माणसांना, अशी तिथली रीत. तपासणाऱ्यानेच सगळ्यांदेखत खाल्लं तर लोकांचा विश्वास बसेल, गिऱ्हाइकं परत येतील, एवढीच त्या माउलीची आशा. तसं तिनं मला सांगितलंही होतं.

देवळात ह्यांचा थाट काय वर्णावा! देऊळ किती जुनं, देवापुढे टाळ्या दोनच का वाजवतात, सगळं भाषण मला. माझी टाळी जरा लवकर वाजली तर डोळे वटारले. भूकंपात पडलेल्या दगडी दिव्यापाशी फोटो काढून घेतला, तोही हात जोडून. शी!

मग बाईंनी भाताचे मुटके वाटले. ह्यांनी आपला दोन्ही हातांत घेतला आणि डोळे मिटून कपाळाला लावला. बाईंनी विचारलं, हे काय? "आमच्याकडे देवाचा प्रसाद असाच घेतात," महाराज उत्तरले. बाईंचा चेहरा असा उजळला! मी माझा खाल्ला. मऊ, गोडसर, नुसत्या मिठाचा. बाजूला बघते तर ह्यांचा मुटका टिश्यूत गुंडाळून कोटाच्या खिशात चाललेला.

"अहो, खा की!" मी दातओठ खात पुटपुटले.

"तपासणं वेगळं, पोटात घालणं वेगळं," म्हणे. आणि हे म्हणे शास्त्रज्ञ!

निघताना बाई कचऱ्याची पिशवी घेऊन सगळ्यांपुढून फिरल्या. तिकडे बाहेर कचराकुंड्या नसतातच. ह्यांनी साळसूदपणे टिश्यू आत टाकला. रिकामा टिश्यू काही असा धप्पकन पडत नाही. बाईंनी तो बाहेर काढून उलगडला. हे लागले आभाळ बघायला.

बाईंनी मुटका दोन्ही हातांत घेतला, डोळे मिटून कपाळाला लावला आणि ह्यांच्यासमोर उभ्या राहून सगळा खाल्ला.