अण्णांच्या नकाशात नदी नव्हती

महाडच्या नकाशेवाल्या अण्णांनी हयातभर इमारतींचे नकाशे काढले, पण एकातही सावित्री दाखवली नाही. कोपऱ्यात दोन माड मात्र हटकून काढायचे. "नदी काय पळून जात नाय, जागेवर हायच ती. मग काढायची कशाला?" असं वर आम्हालाच विचारायचे. नगरपालिकेसमोर माझं झेरॉक्सचं दुकान, आणि त्याच्या दाराशी त्यांचं टेबल. माणूस महालबाड, पण मला पाजल्याशिवाय स्वतः चहा प्यायचा नाही.

हायवे रुंद झाला आणि गावाला बांधकामाचं खूळ लागलं. मुंबईची पेन्शन, आखातातली कमाई, सगळं सिमेंटात पडू लागलं. काल भाताचं खाचर होतं तिथे आज 'रिव्हर व्ह्यू रेसिडेन्सी'! नकाशात नसलेली नदी जाहिरातीत मात्र झुळझुळ वाहायची. परवानग्या अण्णाच आणायचे. म्हणायचे, "परवानगी लग्नासारखी रे. दोन्हीकडे घाई असली की पत्रिका कोण बघतो?"

आमच्याकडे पूर ओसरला की पाणी जिथवर चढलं तिथे भिंतीवर ऑइलपेंटची रेघ मारतात. साहेब जागेच्या पाहणीला यायचे, त्याच्या आदल्या दिवशी अण्णा शेजाऱ्यांच्या भिंती स्वखर्चाने रंगवून द्यायचे. रेघ गेली, शेजारी खूश, साहेबही खूश. एक म्हातारी तर अण्णांना तोंडभर आशीर्वाद द्यायची!

माझ्या विधवा ताईने मुंबईत पोळ्या लाटून साठवलेलं सगळं या रेसिडेन्सीत घालायचं ठरवलं. तळमजला स्वस्त होता. मी अण्णांना गाठलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "तुझी ताई ती माझी ताई. दुसरा मजला घे. आन् गप ऱ्हा."

मी गप राहिलो. तळमजला पोलादपूरच्या एका निवृत्त गुरुजींनी घेतला. माझ्यादेखत अण्णा त्यांना म्हणाले, "हितं पाणी येतच नाय, गुरुजी." मी खाली मान घालून त्यांच्याच कागदांच्या झेरॉक्स काढत होतो.

पुढच्या शिमग्यात अण्णा गेले. मी ढसाढसा रडलो, खोटं कशाला सांगू?

त्याच वर्षी पावसाळ्यात गुरुजींच्या घरात छताला पाणी लागलं. मी ताईकडेच होतो; गुरुजी आणि त्यांच्या बाई अंगावरच्या कपड्यांनिशी वर आले. जन्मभराचा संसार खाली पाण्यात. ताईने बाईंना कोरडं लुगडं दिलं, दोघांना चहा दिला. कप हातात धरून गुरुजींनी मला विचारलं, "तुम्ही बरा दुसरा मजला घेतलात. कुणी सांगितलं होतं का हो?"

"छे हो! ताईला मोकळा वारा लागतो, म्हणून घेतला."

"खरंय. बिचाऱ्या अण्णांना तरी काय ठाऊक!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी मान डोलावली.