बहात्तर किलो

अतिदक्षता विभागात नवा व्हेंटिलेटर बसवून झाला. रुग्णालयात अशी यंत्रं बसवून घेणं हेच माझं काम. चाचणीसाठी नळीच्या टोकाला रबरी पिशवी लावत इंजिनिअरने विचारलं, "साहेब, पेशंटचं वजन किती टाकू? श्वासाचं माप त्यावरच ठरतं."

पलंग तर रिकामा होता. "टाका बहात्तर," मी सहज म्हणालो.

पिशवी संथपणे फुगू लागली, बसू लागली. तेव्हा लक्षात आलं, हे तर माझंच वजन. या पलंगावर जो येणार, तो आत्ता कुठेतरी हसत चहा पीत असेल.

"दुसरा आकडा टाका," मी घाईने म्हणालो.

"किती?"

पंचावन्न म्हणजे बायको, अठ्ठेचाळीस म्हणजे मुलगी. पिशवी मात्र माझ्याच मापाने श्वास घेत राहिली.