लाल राजे दोनदा मोजले

किन्हवलीजवळच्या आमच्या आश्रमशाळेत वेणूताई स्वयंपाक करतात. मी तिथे गणित शिकवते. पाचवीनंतर वेणूताईंची शाळा सुटली, कारण आईवडील वीटभट्टीवर जायचे आणि त्यांना बरोबर न्यायचे. पावसाळ्यात भट्टी बंद. मग वाडीवर मेंढीकोटाचा डाव पडायचा आणि आत्या सकुबाई वेणूलाच जोडीला घ्यायची. मेंढी म्हणजे दश्शा. चारांपैकी कुठल्या पडल्या, कुठल्या राहिल्या, हे त्या पोरीला तोंडपाठ असायचं.

दोन वर्षांपूर्वी मी दहावीला संभाव्यता शिकवत होते. बावन्न पत्ते, चार राजे, सव्वीस लाल, सगळं फळ्यावर लिहिलं. निम्म्या मुलींनी पत्ता कधी हातात धरलेला नव्हता. पत्ते म्हणजे जुगार, एवढंच घरी ऐकलेलं. वर्गात कॅट न्यायची माझीही हिंमत झाली नव्हती.

त्या संध्याकाळी त्याच वर्गातली कविता जेवणघरात एका गणितावर अडून बसली होती. एक पत्ता काढला तर तो राजा किंवा लाल असण्याची संभाव्यता किती?

"चार आणि सव्वीस, तीस. पण पुस्तकात अठ्ठावीस धरलेत, मॅडम."

मी सूत्र सांगणार, तोच भाकरी थापता थापता वेणूताई म्हणाल्या, "तीस नाय गो. लाल राजे दोनदा मोजलंस."

हात धुऊन त्यांनी आपल्या पेटीतला मळका कॅट आणला आणि सतरंजीवर पसरला.

"आधी राजे काढ."

कविताने चारही काढले.

"आता राहिलेले लाल काढ."

ते चोवीसच निघाले. कविता माझ्याकडे बघायला लागली. मग तिची नजर बाजूला काढलेल्या बदामाच्या आणि चौकटच्या राजावर गेली आणि ती हसलीच. चार आणि चोवीस, अठ्ठावीस. बावन्नात अठ्ठावीस, म्हणजे तेरात सात. वीस वर्षं शिकवून मला हे इतकं सोपं करता आलं नव्हतं.

रोज संध्याकाळी कॅट पसरला जाऊ लागला. ही बातमी मुरबाडकडच्या वाडीत पोचली आणि कविताचे वडील हरेश जीप पकडून आले.

"पोरींना पत्ते खेळाया शिकवता तुमी?"

वेणूताईंनी त्यांना पाणी दिलं. "बसा भाऊ. पोरगीच सांगंल काय शिकली ती."

कविताने कॅट पिसून पुढे धरला. "बाबा, एक पान काढ. राजा येल?"

"येल की."

"तेरात एकदाच आशा, आणि तीबी खात्री नाय."

पंजा निघाला. मग दुरी, मग राणी. हरेशभाऊ जेवूनच गेले. जाताना म्हणाले, "आमाला कोनी आसं सांगितलंच नाय, मॅडम."

पुढच्या वर्षी मी मागे लागून वेणूताईंना दहावीला बाहेरून बसवलं. एक्केचाळिसाव्या वर्षी त्यांनी गणितात अडुसष्ट गुण मिळवले. इंग्रजी मात्र राहिलं. आता कविता बारावीला आहे. ती रविवारी येऊन त्यांना इंग्रजी शिकवते.

"ह्या स्पेलिंगला काय नियमच नाय गो," वेणूताई कुरकुरतात आणि पुन्हा लिहायला घेतात.