शालिकनानांच्या चार लोखंडी खुर्च्या

“नाना गेले… बसल्या बसल्या गेले.” माझा भाऊ सायकलवरून पुरता उतरलाही नव्हता. सुरतेत, डिंडोलीतल्या छापखान्याच्या दारात मी ओल्या शाईची पत्रकं दोरीवर अडकवत उभी होते. रडू यायला हवं होतं. पण खरं सांगते, आधी मनात एवढंच आलं की, बसून गेले! तीस वर्षं पांडेसऱ्याच्या डाइंगमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, बारा-बारा तास उभा राहिलेला, पायांच्या शिरा सुतळीसारख्या फुगलेला माणूस शेवटी स्वतः रंगवलेल्या खुर्चीत, पाठ टेकून, भर दुपारी, हातात चहाची बशी घेऊन गेला. “जिंकले रे नाना,” मी भावाला म्हणाले, आणि मग रडले.

शालिकनाना आमच्या नात्यातले नव्हते. नवागामला आमच्या खोलीला लागून त्यांची खोली. ते खानदेशातून आलेले, घरात अहिराणी बोलायचे. कारखान्यात रंग कालवायचं काम. रंगखात्याच्या मास्तरने कापडाचा तुकडा दाखवला की डब्यात बोट बुडवून तोच रंग उभा करायचे. माझे बाबा रेल्वेत गँगमन. आमच्या घरी पुस्तकं थोडी आणि बाबांच्या युनियनची पत्रकं उदंड. मी अक्षरं गिरवली तीही पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. त्यामुळे एकोणिसाव्या वर्षी मी स्वतःचं पहिलं पत्रक काढलं यात नवल नाही. विषय होता, बसायचा हक्क. नानांच्या अख्ख्या खात्यात खुर्ची एकच, ती मास्तरची, हे ऐकून माझं डोकं फिरलं होतं. सकाळी नळावर मी नानांना ते पत्रक दिलं. त्यांनी हात लांब करून ते धरलं, डोळे बारीक केले आणि मला परत दिलं.

“तुन्हं पत्रक वाचानं म्हंजे पहिले बसनं पडई. आठे बसाले जागा कोठे शे, पोरी?”

सगळा नळ हसला. मीही हसले, पण आतून पेटले. खरंच कुठे होती जागा? खोल्या दहा बाय दहाच्या. पाळीवरून आलेला माणूस दारात उकिडवा बसायचा, नाहीतर सरळ आडवा व्हायचा. आमच्या ओळीच्या मागे मात्र नाल्यापर्यंत एक पट्टी मोकळी होती. तिथे नानांनी गिलक्याचा मांडव घातला होता, शेवगा लावला होता, गवती चहा होता, दुधी भोपळ्याचा वेल कुंपणावर चढला होता. नाना त्या पट्टीला मळा म्हणायचे. “मळ्यात चार खुर्च्या टाकू,” ते त्या संध्याकाळी म्हणाले आणि आवाज खाली आणून पुढे म्हणाले, “एक जिजीची. तिला माझ्या बाजूला बसवायचंय.”

जिजीमावशी म्हणजे त्यांची बायको. दिवसभर जमिनीवर बसून साड्यांचे सुटे धागे कापायची. पाठ वाकली होती, पण पुरुषांसमोर खुर्चीवर बसायचं नाही, हा माहेरचा नेम सासरी आला तो थेट सुरतेला आला. मी तिला समतेवर पाऊण तास ऐकवलं. माझं संपल्यावर ती कात्री न थांबवता म्हणाली, “व्हयनं का? मंग तो धागा दे इकडे.”

खुर्च्या भंगारात मिळाल्या. कुठलंसं गार्डन हॉटेल बंद पडलं होतं, त्याच्या. पाठीवर लोखंडी वेलबुट्टी, पाय वाकलेले, अंगभर गंज. भंगारवाला म्हणाला, “लई जाव ने काका, चोखुं लोखंड छे!” आम्ही चार खुर्च्या आणि एक गोल टेबल हातगाडीवर घातलं आणि नवागामपर्यंत ढकलत आणलं. वाटेत लोक विचारत होते, नाना, लग्न कुणाचं? नाना सांगत होते, “मन्हंच!”

आणि मग आम्ही ती चूक केली, जी फक्त कापड रंगवणारी माणसंच करू शकतात. कापड रंगात घालायच्या आधी ओलं करतात. कोरडं कापड रंग डागाडागाने पितं, ओलं कापड सारखा पितं, हे नानांच्या हाडात मुरलेलं. तेव्हा पत्र्याच्या पिंपात सोडा-साबणाचं पाणी केलं, खुर्च्या उकळत्या पाण्याने धुतल्या, विसळल्या आणि निथळत असतानाच रंगवायला घेतल्या. शेजारचे चारजण मदतीला आले. सगळे डाइंगचेच, एकानेही हरकत घेतली नाही. मी तर घाईच करत होते, कारण रविवारी मळ्यात पत्रकवाचन आहे असं ओळभर सांगून बसले होते. रंग मात्र काय होता! नानांनी भोपळ्याच्या वेलाचं कोवळं टोक तोडून डब्याशेजारी ठेवलं आणि हिरव्यात पिवळा, पिवळ्यात थेंबभर निळा घालत असा पोपटी जमवला की टोक डब्याच्या काठावर धरलं तर कुठे पान संपतं आणि कुठे रंग सुरू होतो ते कळेना. रविवारी सगळे बसले. पाळीपाळीने बसले, पाय लांब करून बसले. जिजीमावशी तेवढी टेबलाशेजारी जमिनीवर. नाना उठून तिच्याशेजारी खाली जाऊन बसले, आणि त्यांची ती खुर्ची रिकामी राहिली.

आठ दिवसांत रंगाला फोड आले. फोडाखाली पाणी, पाण्याखाली गंज. पापुद्रे लोकांच्या सदऱ्यांना चिकटायला लागले. एकजण गावाकडे लग्नाला निघाला होता, त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर पाठभर तांबडी वेलबुट्टी उमटली. गल्लीच्या टोकावरून पोरं ओरडायची, “नाना, कलर तो कच्चा निकला!” रंगाऱ्याला याहून मोठी शिवी नाही. नाना दोन दिवस मळ्यात फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या दारात आले आणि बाबांना म्हणाले, “दादा, तुम्ही लोखंडवाले. मले शिकाडा.” बाबा त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान. ते वाक्य तोंडातून काढायला काय लागतं ते मला तेव्हा कळलं नाही. मी मनात म्हणत होते, एवढ्याशा रंगाचं काय ते…

बाबा हसले नाहीत. रूळ, फिशप्लेटी, पुलाचे गर्डर यांत आयुष्य घातलेला माणूस गंभीरपणे सांगू लागला, “नाना, लोखंडाला पाण्याचा वास पण लागू द्यायचा नाही. आधी खरवडायचं, धातू चमकेपर्यंत. मग घासकागद. मग रॉकेलच्या फडक्याने पुसायचं आणि उन्हात टाकायचं. मग तांबडा प्रायमर. तो वाळला की रंग, पातळ, दोन हात.” नाना प्रत्येक वाक्याला मान हलवत होते, पहिल्या दिवशी कामाला लागलेल्या माणसासारखे.

चार खुर्च्या खरवडायला तीन आठवडे लागले. निम्म्याहून जास्त जिजीमावशीने खरवडल्या. साड्या बाजूला सारून ती तारेचा ब्रश घेऊन बसायची. वेलबुट्टीच्या कोपऱ्यात ब्रश जाईना तिथे धागे कापायची कात्री घालायची. तांबड्या प्रायमरमध्ये उभ्या असलेल्या चार खुर्च्या बघून मी वेडी झाले होते. यांना असंच ठेवू या, म्हणाले. नाना म्हणाले, “ही तर नुसती बनियनवर शे. कपडा बाकी शे.” मग पुन्हा तोच पोपटी, पुन्हा वेलाचं टोक तोडून.

रंग वाळला. नानांनी कारखान्यातल्यासारखी परीक्षा घेतली, पांढरा रुमाल घेऊन खुर्चीच्या पाठीवर जोर लावून घासला आणि सगळ्यांना दाखवला. रुमाल स्वच्छ. पण बसायला कुणी पुढे येईना. सगळे सदरे सावरत कडेला उभे. “तुम्हीच बसा आधी, नाना!” नाना बसले. “तुमची पँट काळी, काय कळणार?” पुन्हा हशा. नानांचं तोंड उतरलं. मी काहीतरी जोरदार बोलायला तोंड उघडलं…

जिजीमावशी उठून आत गेली. बाहेर आली ती लेकीच्या लग्नातली मोतिया, जवळजवळ पांढरीच साडी नेसून. एरवी ती साडी ट्रंकेतून निघत नसे. इतक्या पुरुषांमधून चालत ती नानांच्या शेजारच्या खुर्चीशी आली, आणि बसली. पदर खांद्यावरून घट्ट ओढून, पाठ पूर्ण टेकून. बऱ्याच वेळाने ती उठली, लोकांकडे पाठ केली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “देखा! शे का डाग?”

नव्हता! एक ठिपका नव्हता! ओळ अशी ओरडली की पलीकडच्या ओळीतले लोक धावत आले. माझा मात्र थोडा हिरमोड झाला होता, हे कबूल करते. मला ती हक्कासाठी बसायला हवी होती, आणि ती नवऱ्याच्या रंगासाठी बसली. पण माणसं परत नळाला लागली, पांगली, तरी ती पुन्हा त्याच खुर्चीत जाऊन बसली, तेव्हा तिला कुणाला काही सिद्ध करायचं नव्हतं. नानांना म्हणाली, “पाठले इतला आराम पडस, कोनी सांगंच नही मले.” नानांनी माझ्याकडे बघून डोळा मारला. त्या दिवसापासून ती मळ्यात जमिनीवर बसली नाही. साड्यांचा गठ्ठा टेबलावर आला. आणि दर पावसाळ्यानंतर खुर्च्या खरवडून पुन्हा रंगवायच्या, हा नवागामचा नवा सण झाला.

नाना गेले त्या दिवशी घर भरलेलं होतं. चारही खुर्च्या पुरुषांनी अडवल्या होत्या आणि जिजीमावशी आत, जमिनीवर. गावाहून आलेले तिचे दीर सांगत होते, ज्या खुर्चीत माणूस गेला ती घरात नको, भंगारात द्या. मी उसळले, पण बाबांनी हात धरला. ते दिवस तिचे होते, माझे नव्हते. मी घरी आले आणि पत्रकाच्या पाठीवर लिहीत सुटले.

परवा, पाच आठवड्यांनी, ते लिहिलेलं घेऊन मळ्यात गेले. गिलक्याला फुलं आली होती. कुंपणाशी तारेचा ब्रश, रॉकेलचं फडकं, रंगाचा डबा, आणि डब्याशेजारी वेलाचं तोडलेलं टोक. तीन खुर्च्या जुन्याच रंगात. चौथी, नानांची, कोरी पोपटी, उन्हात झळझळत. जिजीमावशी शेजारच्या खुर्चीत बसून धागे कापत होती. मी सवयीने तिच्या पायाशी खाली टेकले.

“खाले काय बसनी?” ती म्हणाली. “ती खुर्ची कोनासाठी रंगाडी?”

मी नानांच्या खुर्चीकडे बघत राहिले. तिला वाटलं, मी रंगाला भिते आहे. तिने कमरेचा पांढरा रुमाल काढून माझ्या हातात दिला, नानांचाच होता. “घासी देख.”

मी घासला. जोर लावून, वेलबुट्टीच्या कोपऱ्यांतसुद्धा. रुमाल पांढराच राहिला. मग मी पाठ टेकून बसले, कागद उघडले, आणि तिला हे वाचून दाखवलं.