भोंगा न वाजवणारे दाऊदमामू

दाऊदमामूंच्या मोटारीला रबरी गोळ्याचा पितळी भोंगा होता. तो ते रोज सकाळी चिंच लावून घासत आणि दिवसभर वाजवत नसत. समोरून बैलगाडी दिसली की मोटार कडेला घेऊन बंद करत, खाली उतरत, बैलांच्या कानाशी काहीतरी पुटपुटत आणि कासरा धरून गाडी मोटारीच्या पलीकडे नेऊन सोडत. मग परत येऊन हँडल मारून मोटार सुरू करत. जालना-वाटूर सडकेवर बैलगाड्यांना तोटा नव्हता. त्यामुळे लवकर पोचायचं म्हणून मोटारीत बसलेल्या माणसाला, आपण बैलगाडीनंच आलो असतो तर बरं झालं असतं, असं वाटायला फार वेळ लागत नसे.

तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि सरकारी मोटार आमच्या सडकेवर नुकतीच सुरू झाली होती. मी तिचा कंडक्टर. उर्दूत तिकीट लिहिता येतं, एवढ्याच भांडवलावर लागलेला. म्हणून मामू मला ‘मुन्शी’ म्हणत. खाकी कोट मला दोन बोटं मोठा होता, पण ऐट त्याहून मोठी होती. बैलांची मात्र मला लहानपणापासून भीती. मामू खाली उतरले की मी तिकिटांत डोकं खुपसून बसायचो.

एकदा विचारलं, “मामू, मग हा भोंगा आहे कशाला?”

“माणसासाठी रे. माणसाला वाजवला तर त्याला शरम येती, तो बाजूला होतो. बैलाला शरम न्हाई, भ्या हाय. हौर रस्ता उनका है, मुन्शी. अपन तो कल के मेहमान!”

मामू मूळचे जालन्याचे टांगेवाले. मोटारी येणार म्हणताच टांगा आणि घोडा विकून ते हैदराबादला ड्रायव्हिंग शिकून आले होते. “अब ये नहीं चली तो मेरे कू ही जुतना पडेंगा,” असं हसत म्हणायचे. पण ते खरंच होतं. पोळ्यानंतर मोठे साहेब बघायला येणार होते. मोटार रिकामी दिसली तर ती दुसऱ्या सडकेला जाणार होती, आणि तिकडे ड्रायव्हर आधीच नेमलेला होता.

अशात मी माझा पराक्रम गाजवला. वाटूरच्या अलीकडे मामू नमाजाला उतरले होते आणि मी हौसेनं त्यांच्या जागेवर बसलो होतो. समोरून एक बैलगाडी आली. गाडीवान पेंगत होता. मोटारीतले उतारू आता हा काय करतो म्हणून माझ्याकडे बघू लागले. माणसं बघायला लागली की माझी अक्कल कोटाच्या खिशात जाते. मी भोंगा दाबला, आणि आवाज आवडला म्हणून पुन्हा दाबला.

बैल उधळले. गाडी चरात. गाडीवान, म्हणजे वाटूरचे किसनबा, चिखलात आणि त्यांच्या अंगावर मिरच्यांचं पोतं. हौशा बैलाचा गुडघा सोलवटला. किसनबा उठले आणि शिंकत शिंकत ओरडले, “आमच्याच सडकंवर येऊन आमच्याच बैलांवर खेकसून राह्यलं व्हय रे हे भूत? वाटूरचं एक माणूस आता हिच्यात बसनार न्हाई!”

आणि खरंच कोणी बसेना. आम्ही रात्रीच्या मुक्कामाला वेशीबाहेर थांबायचो आणि सकाळी रिकामी मोटार घेऊन जालन्याला निघायचो. मामू मला शिव्या देतील म्हणून मी तयारीत होतो. ते एवढंच म्हणाले, “तेरे हात कू खाज है, मुन्शी. कल से भोंगा तू घासना.”

स्वतः मात्र ते रोज संध्याकाळी किसनबांच्या गोठ्यावर जायचे. घोड्याच्या पायांत उमर गेलेला माणूस. हळद-तेल गरम करून हौशाच्या गुडघ्याला लावायचे आणि परत यायचे. मोटारीत बसा, असं चुकूनही म्हणायचे नाहीत. किसनबा तोंड फिरवून वैरण टाकत राहायचे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी. घरोघर बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळून त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण देत होते. आमची मोटार नुकतीच येऊन थांबली होती. बघतो तर किसनबा हातात वाटी आणि पळसाचं पान घेऊन वेशीबाहेर येताहेत. मोटारीभोवती एक चक्कर मारून ते म्हणाले, “मामू, हिचा खांदा कुठं असतो?”

मामू मोटारीला पुढून मागं न्याहाळत फिरले. शेवटी मीच पुढाकार घेतला आणि मोटारीचं नाक दाखवलं. ते चांगलं तापलेलं होतं. तूप चरचरलं, वेशीपर्यंत फोडणीचा वास सुटला. किसनबा हात झटकत, पण वाकून म्हणाले, “आज आवतण घ्या, उद्या जेवाया या.”

सकाळी मी हँडल मारायला गेलो तर किसनबा आडवे. “आवतण घेतल्यालं जनावर पोळ्याला जुंपत्यात का रे? नरकात जाशील!”

“मामू, साहेब उद्याच येणार आहेत! आज मोटार गेली नाही तर नोकरी जाईल!”

मामूंनी माझ्या हातातून हँडल घेतलं आणि सीटखाली ठेवलं. “दावत कबूल की, मुन्शी. अब मेहमान भाग गया तो बेइज्जती किसकी?”

दिवसभर मोटार बाशिंग बांधून उभी. संध्याकाळी तिला तोरणाखालून न्यायचं ठरलं. मी म्हणालो, “बैल जोडा की, पटकन ओढतील.” सगळं गाव माझ्याकडे असं बघायला लागलं की मी गपचूप मागं जाऊन ढकलायला लागलो. सगळ्या बैलांच्या मागून, इंजिन बंद ठेवून, माणसांनी ढकललेली आमची मोटार वाटूरच्या तोरणाखालून गेली. चाक पकडून बसलेल्या मामूंचे डोळे भरून आले होते. विचारलं तर म्हणाले, “मिरची का मौसम है.”

दुसऱ्या दिवशी मोटार खच्चून भरली. जालन्याच्या स्टँडवर साहेब लाल झालेले. “कल गाड़ी क्यों नहीं आयी?” मामू तोंड उघडण्याआधीच पुढच्या सीटवरून किसनबा म्हणाले, “साहेब, काल सण व्हता. तुमच्यात जुंपत्यात का सणाला?” साहेबांनी आतली गर्दी बघितली, मोटारीच्या नाकावरचा हळदीचा डाग बघितला. मामूंना ताकीद मिळाली, आणि मोटार वाटूरच्या सडकेवरच राहिली.

पुढं कितीतरी वर्षं मामूंनी त्या सडकेवर मोटार चालवली. त्यांना माती देऊन आलो, त्यानंतरच्या पहिल्याच फेरीची गोष्ट. नवा ड्रायव्हर तरणा, घाईचा. समोरून बैलगाडी आली तसा त्यानं जोरात भोंगा वाजवला. बैल बिचकले नाहीत, बाजूलाही झाले नाहीत. सडकेच्या मधोमध शांत उभे राहिले.

“पागल हैं क्या?” ड्रायव्हर म्हणाला.

“न्हाई,” मी म्हणालो, “वाट बघून राह्यले.”

मी खाली उतरलो. कासरा धरला तर बैलानं पहिलं पाऊल माझ्याच पायावर दिलं. कानाशी काय पुटपुटायचं ते मामूंना विचारायचं राहून गेलं होतं. म्हणून मी आपलं म्हणालो, “चला, आम्ही पाहुणे.”

आणि ते चालायला लागले.