सिस्टरबाईंचं बुटकं स्टूल

सुरुवातीलाच माफी मागतो. सिस्टरबाईंबद्दल लिहावं असे लोक बरेच आहेत. पुण्याला त्यांची भाची आहे, सोलापूरला रूथताई आहेत, त्यांच्या हाताखाली शिकून तयार झालेल्या नर्स तर कितीतरी आहेत. मी त्यांच्या नात्याचा नाही, धर्माचा नाही, आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपलीकडं मी आजवर काही लिहिलेलंही नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळं हे असं लिहिलेलं चालतं का, हे विचारायलाही घरात कुणी नाही. तरी लिहितोय. त्या गेल्यावर काही आठवडे एक प्रश्न मला सुखानं जेवू देत नव्हता. त्याचं उत्तर मला आत्ता कुठं मिळालं, आणि ते एकट्याजवळ ठेवून घेणं बरोबर वाटत नाही...

त्यांचं नाव रिबका. उमरग्यात मात्र त्यांना नावानं कुणी हाक मारली असेल असं वाटत नाही. अलिबागकडच्या एका गावातून नर्स म्हणून बदली होऊन त्या इथल्या सरकारी दवाखान्यात आल्या, इथंच निवृत्त झाल्या आणि परत गेल्याच नाहीत. सिस्टर म्हटलं की नव्या माणसाला त्या ख्रिश्चन वाटायच्या. मीही तसंच समजत होतो. त्या ज्यू होत्या, बेने इस्राईल. हायवेनं सोलापूरपासून आमच्याकडं येईपर्यंत त्यांच्या लोकांची मोजकीच घरं, कुणी बँकेत, कुणी शाळेत नोकरीला. महिन्यातल्या एका रविवारी ही सगळी मंडळी सिस्टरबाईंच्या पुढच्या खोलीत जमायची. प्रार्थना व्हायची, लहान पोरांना त्यांच्या सणांच्या गोष्टी सांगितल्या जायच्या, जेवणं व्हायची आणि मग 'सोबत'च्या पाळ्या ठरायच्या. 'सोबत' हे त्यांनीच सुरू केलेलं काम. दवाखान्यात ज्याच्याजवळ कुणी नाही, त्याच्याजवळ जाऊन बसायचं. आजाऱ्याला भेटणं हे त्यांच्यात देवाचं काम मानतात, आणि माणूस गेला तर मातीआड होईपर्यंत त्याला एकटं सोडायचं नाही, हेही. घरं थोडी आणि दवाखान्यात माणसं फार, म्हणून त्या कुणालाही मदतीला घ्यायच्या. आमच्या कॉलेजात समाजसेवेचे तास भरावे लागत. सरांनी मला त्यांच्याकडं पाठवलं. मी दारातच विचारलं, "मी तुमच्यातला नाही, चालेल का?" त्या म्हणाल्या, "आजाऱ्याला जात-धर्म विचारत न्हाई आपण. मग बसणाऱ्याला कशाला विचारायचा? चपला काढ अन् आत ये."

पहिल्याच दिवशी माझं चुकलं. वॉर्डात एक म्हातारे गृहस्थ होते, मुरुमकडचे. आपल्याकडं आजाऱ्याला भेटायला गेलं की खाटेच्या कडेला टेकायची रीत असते. तसा मी टेकलो. सिस्टरबाई मागं उभ्या होत्या. त्यांनी मला दंडाला धरून उठवलं आणि पिशवीतून एक स्टूल काढून समोर ठेवलं. साधं लाकडी स्टूल, पण सुताराकडून त्याचे पाय कापून घेतलेले. त्यावर बसलं की गुडघे छातीशी येत. "आमच्यात सांगतात," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आजाऱ्याच्या उशाशी देव येऊन थांबलेला असतो. म्हणून भेटायला जाणाऱ्यानं आजाऱ्यापेक्षा उंच बसू न्हाई." मग तेवढ्याच हळू आवाजात, "अन् देवाचं सोड. झोपलेल्या माणसाला सारखं वर बघून बोलावं लागलं तर मान दुखती त्याची." मुरुमचे आजोबा हे ऐकत होते. ते म्हणाले, "सिस्टर, ह्या पोराला अजून बुटकं करा की, म्हंजे मलाच डोळं मिटून बोलता येईल." सगळा वॉर्ड हसला. मी त्या स्टुलावर बसलो आणि काय बोलावं ते सुचेना म्हणून गप्पच बसून राहिलो.

हे गप्प बसणं माझ्यासाठी मोठं दुखणं होतं. शाळेपासून माझ्या प्रगतिपुस्तकावर 'अबोल' असा शेरा पडायचा. कॉलेजात तोंडी परीक्षेत माझी जीभ टाळ्याला चिकटायची. शहरातल्या पोरांसारखं मला बोलता येत नाही म्हणून मी शिकून तरी काय करणार, असं मला मनापासून वाटायचं. पाळी संपल्यावर मी सिस्टरबाईंना म्हणालो, "मला जमणार नाही. मी तासभर एक शब्द बोललो नाही." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "मी बघितलं ना. तो म्हातारा तासभर बोलला. त्याच्या दोन्ही सुना येऊन गेल्या काल, दोघी नुसत्या बोलत होत्या अन् हा गप्प पडून होता. बोलणारे आजाऱ्याला दमवतात रे. तुझ्यासारखं माणूस मी किती वर्षं शोधतीये." माझ्या गप्पपणाचा कुणाला उपयोग होऊ शकतो, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. आज मी मास्तरकीचं शिक्षण घेतोय, वर्गात चार शब्द बोलायला शिकलोय, पण ते धाडस त्या बुटक्या स्टुलावर गप्प बसून आलं, हे मला पक्कं माहीत आहे.

नंतर मी कॉलेजची तीनही वर्षं पाळ्या केल्या. हायवेवर नळदुर्गच्या अलीकडं एका ट्रकचा अपघात झाला, त्यातला ड्रायव्हर तेलंगणाचा होता. त्याला मराठी येत नव्हतं आणि मला तेलुगू. घरी मी कानडी बोलतो, त्यातले दोन-चार शब्द त्याला कळले, बाकी नुसतं बसणं. त्याचा पाय वाचणार की नाही हे डॉक्टरही सांगत नव्हते. त्याला घरी सोडलं त्या रविवारी सिस्टरबाईंनी मलिदा केला. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर सुकामेवा, बाजूला फळं. काही चांगलं घडलं की एलियाहू हन्नबी या त्यांच्या संदेष्ट्याचं नाव घेऊन ते लोक असा मलिदा करतात आणि सगळ्यांना वाटतात. तो ड्रायव्हर कुबडी घेऊन त्या मंडळींत खुर्चीवर बसला होता आणि रूथताई त्याला दुसऱ्यांदा वाढत होत्या. रूथताई सोलापूरला शिक्षिका होत्या आणि रविवारच्या बैठकीचं सगळं त्याच बघायच्या. "सिस्टरबाई," त्या म्हणाल्या, "तुमचा पाहुणा आमच्या पोरांना उपाशी ठेवणार." सिस्टरबाई म्हणाल्या, "ठेवू दे. पाय वाचलाय त्याचा, पोट कशाला मारता?"

आता अव्वाबद्दल सांगायला हवं. अव्वा म्हणजे माझी आई. ती ज्वारीच्या कडक भाकरी करून विकते, ढाब्यांना देते, काही घरांना देते. सिस्टरबाई तिच्या जुन्या गिऱ्हाईक. शुक्रवारी दिवस मावळल्यापासून शनिवारी दिवस मावळेपर्यंत त्यांच्या घरात चूल पेटत नसे, तो त्यांचा शब्बाथ. मग टिकणारी कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही यावर त्यांचा शनिवार व्हायचा. मटण त्यांनी इथं आल्यावर सोडलेलं. त्यांच्या रीतीनं कापणारं इथं कुणी नव्हतं. आमची गल्ली बहुतेक लिंगायतांची, त्यामुळं बायका कौतुकानं म्हणायच्या, सिस्टरबाई आपल्यासारख्याच. दर शुक्रवारी अव्वा भाकरीची चवड फडक्यात बांधून त्यांच्या दारात उभी राहायची. "आत या, बसा," त्या म्हणायच्या. "उभीच बरी हाय म्या," अव्वा म्हणायची. शिकलेल्या माणसाच्या घरात कुठं बसावं हे तिला कळत नसे. इतक्या वर्षांत तिनं उंबरा ओलांडला नाही.

मी दवाखान्यात बसायला जातो हेही तिला पसंत नव्हतं. एकदा जेवताना मी तिला सांगितलं, की या लोकांत म्हणतात, भेटायला येणारा जाताना आजाऱ्याचं थोडं दुखणं सोबत घेऊन जातो. अव्वानं तव्यावरून हात काढला. "म्हंजे ते आमच्या घरी आणून टाकतूस व्हय?" त्या दिवसापासून मी दवाखान्यातून आलो की ती दारातच माझ्या पायांवर तांब्याभर पाणी ओतायची. मी तिला ते स्टुलाचंही सांगितलं, उशापेक्षा उंच बसू नये ते. ती भाकरी थापत होती. तिनं ती तव्यावर टाकली आणि पुढचा गोळा घेतला. ऐकलं असेल असं मला वाटलंही नाही.

सिस्टरबाईंना एकच काळजी होती, आणि ती त्यांनी मला एकदा हसत हसत सांगितली. छातीचं दुखणं सुरू झालं होतं तेव्हाची गोष्ट. मी त्यांना म्हणालो होतो, की आम्हा लिंगायतांतही माणसाला जाळत नाहीत, मातीच देतात, पण बसवून. त्यांना ते फार आवडलं. "बसवून नको बाबा," त्या म्हणाल्या. "जन्मभर लोकांपाशी बसलीये मी. मला तेवढं झोपू द्या." मग म्हणाल्या, "फक्त शनिवारी जायला नको. आमचे लोक शनिवारी गाडीत बसायचे न्हाईत, रूथ तर फोनसुद्धा बघत न्हाई. दिवसभर मी एकटी पडून राहीन. इतक्यांपाशी बसून शेवटी माझ्यापाशीच कुणी नसायचं." मी म्हणालो, "मी आहे की. मी बसेन." "बघ हं," त्या म्हणाल्या, आणि विषय बदलून मला चहा टाकायला सांगितला. ते बसवण्या-झोपवण्याचं मी घरी अव्वाला गंमत म्हणून सांगितलं.

आणि त्या गेल्या, त्या शनिवारीच.

मी परीक्षेला परगावी होतो. पेपरला जाताना फोन खोलीवर ठेवलेला, परतलो तर चार्जिंग संपलेलं. रविवारी सकाळी रूथताईंचा निरोप वाचला. सिस्टरबाई शनिवारी सकाळी घरीच गेल्या, शब्बाथ सुटल्यावर आम्ही पोहोचलो, आता पुण्याला आपल्या लोकांच्या दफनभूमीकडं निघालो आहोत, तू पेपर सोडून येऊ नकोस, त्यांना आवडलं नसतं. मी निरोप पुन्हा पुन्हा वाचला. सकाळी गेल्या आणि दिवस मावळल्यावर मंडळी पोहोचली... मधला अख्खा दिवस कुणाचा होता, ते त्यात नव्हतं.

पेपर संपवून घरी आलो. अव्वाला म्हणालो, "सिस्टरबाई गेल्या." ती म्हणाली, "व्हय." मग म्हणाली, "गेलेल्या माणसाचं जेवताना बोलू न्हाय. जेव." मी पुढं विचारलं नाही. त्यांच्या गल्लीतही गेलो नाही. कुणाला विचारायचं आणि 'न्हाय, कुणीच नव्हतं' असं उत्तर ऐकायचं, ही हिंमत होईना. मी मनाशी ते घर बघायचो, बंद खिडकी, भिंतीशी ठेवलेलं ते स्टूल, आणि त्यावर कुणीच नाही.

महिन्याच्या प्रार्थनेसाठी रूथताई आल्या, त्यांनी मला बोलावून घेतलं. पुढची खोली होती तशीच होती. सब्जाच्या कुंडीला इतके दिवस कुणीतरी पाणी घालत होतं. प्रार्थना झाली, मलिदा वाटून झाला, मंडळी पांगली. रूथताईंनी कोपऱ्यातलं स्टूल उचलून माझ्या हातात दिलं. "हे तू ने. पाळ्या चालू राहणार आहेत आणि तूच लावणार आहेस." मी स्टूल घेतलं आणि जे इतके दिवस विचारलं नव्हतं ते विचारलं. "ताई, त्या दिवशी... त्या एकट्याच होत्या का?"

"तुला आईनं सांगितलं नाही?" रूथताई म्हणाल्या, आणि त्यांनी सगळं सांगितलं.

शेजारच्या काकू सकाळी दूध द्यायला गेल्या तेव्हा सिस्टरबाई गेलेल्या होत्या. काकूंनी मला बोलवायला आमच्या घरी माणूस धाडला. अव्वा म्हणाली, पोरगं परीक्षेला गेलंय, त्याच्या बदली म्या येते. तव्यावरची भाकरी तशीच टाकून ती आली, आणि ज्या घराचा उंबरा तिनं कधी ओलांडला नव्हता त्या घरात आत गेली. गल्लीतल्या बायकांनी आपल्या रीतीनं सिस्टरबाईंना खाटेवरून खाली फरशीवर घेतलं आणि त्या बसवायला लागल्या, तेव्हा अव्वानं अडवलं. "बसवू नका. त्यांच्यात झोपवत्यात." बायका येत-जात राहिल्या. ती उठली नाही.

"आम्ही आलो तेव्हा दिवा लागला होता," रूथताई म्हणाल्या. "तुझी आई भिंतीला टेकून फरशीवर बसलेली, मांडी घालून. हे स्टूल हाताच्या अंतरावर होतं. मी म्हटलं, मावशी, दिवसभर अशा खाली बसलात, हे स्टूल तरी घ्यायचं. तर मलाच म्हणाल्या, त्या खाली हायत की. म्या वर कशी बसू?"