दोन मिलिमीटर

शिरोळहून निघालेल्या एसटीत शेजारच्या बाईंच्या मांडीवर उसाच्या ओल्या पाचटानं भरलेली पिशवी होती आणि पिशवीच्या भोकांतून पांढरी अळिंबी फुटली होती.

"हॉटेलवाल्याला पाच सेंटिमीटरची पायजेत. त्यानं घेतली तर सासरं औंदा पाचट पेटवायचं न्हाईत," असं म्हणून त्या अळिंबीवर पाणी शिंपडू लागल्या.

मी खिशातल्या पट्टीनं मोजलं. सत्तेचाळीस मिलिमीटर!

मग वाटभर सगळी एसटी त्या पिशवीवर वाकलेली. कोल्हापूर आलं.

"मोजा की पावणं!" मागून कुणीतरी म्हणालं.

अठ्ठेचाळीस. जन्मात आकडा न फुगवलेला मी ओरडलो, "पाच सेंटिमीटर!"

टाळ्या पडल्या. बाई हसत उतरल्या, त्या माझी पट्टी घेऊनच. म्हणजे हॉटेलवाला माझ्याच पट्टीनं मोजणार.

"वाढ गं बाई, दोनच मिलिमीटर," मी घरापर्यंत पुटपुटत होतो.